रोजची एक गोळी

वडील बावन्नाव्या वर्षी आतड्याच्या कर्करोगाने गेले. आता मी सत्तेचाळीस. कचेरीतला एक मित्र म्हणाला, "रोज अ‍ॅस्पिरीन घे, तो रोग होत नाही." आम्हा कारकुनांकडे फुकटचे सल्ले भरपूर! पण हे अगदीच हवेतले नव्हे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका समितीने २०१६ साली पन्नाशीतल्या काही जणांना तसे सुचवले होते. २०२२ मध्ये पुरावा अपुरा म्हणून तीच समिती मागे सरली. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात मात्र गोळीचा उपयोग दिसला आहे. एरवी जठरातून रक्तस्राव होण्याची भीती, आणि माझे पित्त तर घरात प्रसिद्ध.

डॉक्टरांनी गोळी बाजूला ठेवून कोलोनोस्कोपी लिहून दिली. आतड्यातल्या लहान गाठी तेव्हाच काढता येतात, म्हणजे पुढचा रोग टळतो.

बाकी पोदेराची कोंड्याची पोई, आळसांद्याचे तोणक, संध्याकाळचे चालणे हे मला जमते. चवरीस-पावाचे काय? प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली सांगितले. मी खातो ते शेजाऱ्यांच्या फेस्ताला. तेवढे राहू दे, असे मी म्हणतो. बायको नाही म्हणत.

बुधवारची तारीख मिळाली आहे. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ, म्हणजे मंगळवारचे हुमण चुकले.