एक गाडी सोडून द्या

डिस्नेलँडच्या फाटकातून आत शिरलं की बहुतेक माणसं पळत सुटतात. आमच्या घरचा शिरस्ता वेगळा आहे. डिस्नेलँड जिथे आहे त्या अनाहाइमपासून मी पाऊण तासावर राहते. भारतातून कुणी आलं की तिथली एक फेरी ठरलेली, आणि त्या फेरीचा क्रमही ठरलेला.

आधी डाव्या हाताच्या फायर स्टेशनसमोर थांबायचं आणि मान वर करून खिडकीतला दिवा बघायचा. पार्क १९५५ साली उघडलं तेव्हा त्या माडीवर वॉल्ट डिस्नेनं स्वतःसाठी छोटंसं बिऱ्हाड केलं होतं. तो आत असला की दिवा लागलेला असायचा. १९६६ च्या डिसेंबरात तो गेला. त्याच्या आठवणीत दिवा आजही तेवतो. २०१४ साली आई-बाबा आले तेव्हा हे ऐकून आईनं पर्स काखेत धरली आणि हात जोडले. "नंदादीपच की गं हा," म्हणाली. तेव्हापासून आम्ही त्याला नंदादीपच म्हणतो.

मग मेन स्ट्रीटवरच्या खिडक्या. ज्यांनी हे पार्क उभारलं, त्यांची नावं वरच्या मजल्याच्या काचांवर रंगवलेली आहेत. राबणाऱ्यांची नावं अशी दर्शनी भागात लावणं मला फार आवडतं. दरवेळी एक तरी नवीन नाव वाचायचं आणि मागे वळून आगगाडीच्या स्टेशनच्या पायऱ्या चढायच्या.

वाफेच्या इंजिनाची गाडी पार्कभोवती फिरते. पुढचं स्टेशन न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर. तिथे त्या वर्षी आम्ही उतरलो आणि बाबा फलाटावर जागच्या जागी थबकले. रुळांपलीकडच्या लाकडी खोपटातून आवाज येत होता : कट्ट कडकट्ट, कट्ट कट्ट.

बाबांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, तेव्हा शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून त्यांनी कोल्हापूरच्या आत्याला तार केली होती. तो आवाज आता कानावर पडणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. आणि इथे, सातासमुद्रापार, तो ऐकू येत होता!

त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट कठड्यावर चालू लागलं. एक गाडी गेली, दुसरी गेली. आई म्हणाली, "अहो, पुढं जायचं ना?" त्यांनी नुसता हात वर केला. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "डब्ल्यू लागला, ई लागला. मग सगळा घोळ. शेवटी एम, ई. पाठवणारा चुकत नाहीये गं, हात स्वच्छ आहे. मग मला का लागत नाही?"

रात्री मी शोधून काढलं. ही अमेरिकेतल्या जुन्या रेल्वे-तारेची लिपी. आपल्याकडे चालायची ती आंतरराष्ट्रीय मोर्स. दोन्हींत अकरा अक्षरांचा फरक आहे. 'ओ' म्हणजे आपल्याकडे तीन लांब ठोके, इथे मधे फट ठेवून दोन आखूड. 'एल' तर एकच लांबलचक ठोका. बाबांनी वहीचं पान फाडून ती अकरा अक्षरं उतरवून घेतली आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर चमच्यानं ठोकून पाठ केली. सत्तरीच्या माणसाला परीक्षेचा अभ्यास करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या रविवारी थेट त्याच फलाटावर गेलो. तो मजकूर म्हणजे वॉल्ट डिस्नेनं उद्घाटनाच्या दिवशी केलेल्या भाषणाची सुरुवात, हे मला ठाऊक होतं. बाबांना मी सांगितलं नव्हतं. ते ऐकत होते आणि एकेक अक्षर पुटपुटत होते. डब्ल्यू, ई, एल, सी, ओ, एम, ई. "वेलकम!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारची दोन मुलं दचकली. "अगं, स्वागत करतोय तो आपलं!" चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी आम्ही एकही राइड घेतली नाही आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

ते पान मी जपून ठेवलंय. आता माझा मुलगा त्यावरून अक्षरं जुळवतो. चार लागतात, तीन निसटतात.

तुम्ही कधी गेलात तर त्या स्टेशनवर उतरा. निदान एक गाडी सोडून द्या आणि रुळांपलीकडे कान द्या.