पुरांत गेलेल्या पाटल्या

नारायण पेठेंतील आमचा वाडा पाडून तेथें इमारत उठणार असें ठरलें, आणि गेल्या वैशाखांत आम्हीं घर रिकामें करावयास घेतलें. तीन पिढ्यांनीं "असूं दे, लागेल केव्हां तरी" म्हणून ठेवलेल्या वस्तू बाहेर निघूं लागल्या: कल्हई उडालेलीं तपेलीं, खुंटा नसलेलें जातें, पानें चिकटून एकजीव झालेलीं पंचांगें.

माजघरांतील शिसवी कपाट सरकविलें, तों मागील भिंतीवर छातीच्याहि वर चिखलाची तांबूस रेघ दिसली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि पाठोपाठ खडकवासल्याचेंहि. त्या पाण्याची ती खूण. पुढें भिंतींना कितीदां तरी चुना लागला, पण कपाटामागें कोणाचा हात पोंचला नव्हता.

त्या पुराला आमच्या घरांत फार मोठें स्थान होतें. जें जें सांपडेना, तें तें पुरांत गेलेलें असे. आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्याहि पुरांतच गेल्या होत्या. मात्र त्यांविषयीं एक कुजबुजहि होती. घरचीं माणसें नेसत्या वस्त्रांनिशीं पर्वतीकडे धांवलीं, आणि पाणी ओसरल्यावर सर्वांच्या आधीं वाड्यांत शिरले ते मागल्या चौकांतले भाडेकरी. तोंडावर कोणी कांहीं बोललें नाहीं. पण त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाणें थांबलें, आणि दोन वर्षांनीं त्यांनीं बिऱ्हाड हालविलें.

वरच्या माळ्यावर एका पितळी डब्यांत वडिलांच्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची फीची पावती निघाली. तिला टांचणीनें जोडलेली सोनाराची पावती होती. पाटल्यांचा एक जोड, विकत घेतला. तारीख २० जून १९६१. म्हणजे पुराच्या बावीस दिवस आधीं!

मुलाला ओझें वाटूं नये म्हणून आजी बोलली नसेल. मला तिचा अभिमान वाटला. पण दुसऱ्याच क्षणीं ते भाडेकरी आठवले. ती कुजबुज तिच्या कानीं गेलीच नसेल असें म्हणवत नाहीं. वाड्यांत चुलीवर काय शिजतें तें देखील चौघांना कळे. एक शब्द उच्चारला असता तर! तो तिनें कां उच्चारला नाहीं, हें विचारावयास आज ती नाहीं.

वडील ऐंशीच्या पुढें आहेत. त्यांनीं चष्मा पुसून दोन्ही पावत्या दोनदां वाचल्या आणि एवढेंच विचारलें, "त्या मंडळींचा पत्ता कोठें मिळेल?"

त्यांची धाकटी मुलगी सहकारनगरांत राहते असें कळलें आहे. येत्या रविवारीं वडील स्वतः जाणार म्हणतात. काय बोलावयाचें, हें मात्र त्यांनीं अद्याप सांगितलेलें नाहीं.