शेर्विनचा घाट, दुसऱ्यांदा

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याने जाणारा ३९५ क्रमांकाचा महामार्ग बिशप गाव सोडून उत्तरेकडे निघाला की शेर्विनचा घाट लागतो. बिशपची उंची सुमारे ४,१५० फूट, घाटमाथ्याची ७,०००. रस्ता प्रशस्त आहे, वळणेही सौम्य. परंतु चढण संपता संपत नाही. तीन वर्षांपूर्वी याच चढणीवर माझ्या थोरल्या बंधूंची, दादाची, १९८७ सालची फोक्सवॅगन वेस्टफालिया वाफा सोडीत उभी राहिली होती. ही चाकांवरची खोलीच म्हणा ना! छत उचलले की वर झोपण्याची जागा, खाली शेगडी, लहानसा फ्रीज आणि मागच्या पलंगाखाली इंजिन. दोष दादाचाच होता. इंजिनातील कूलंट वेळच्या वेळी बदलायचे असते, ते त्याने कित्येक वर्षे बदललेच नव्हते.

यंदा सप्टेंबरात मी सॅन होजेला त्याच्याकडे गेलो, तो त्याच वाटेने पुन्हा जाण्याची तयारी झालेली. मधल्या काळात दोन घटना घडल्या होत्या. गाडीला दुसरे इंजिन बसले होते आणि अडुसष्ट वर्षांच्या दादाच्या एका हृदयधमनीत स्टेंट बसला होता. वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठले. "भाऊजी, तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हीच नाही म्हणा."

मी नाही म्हटले नाही. त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी प्रवासाला संमती दिली होती. मी दादाला एवढेच विचारले, "घाटात तुला बरे वाटेनासे झाले तर गाडी कोण चालवणार?" तो गप्प झाला. मला तिकडच्या रस्त्यांची सवय नाही. वहिनी तीस वर्षे मोटार चालवतात, पण या गाडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. कारण साधे होते. जुन्या २.१ लिटर इंजिनाची ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती, वर सामानासह दोन टनांच्या आसपास ओझे. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जाई आणि मागे मालमोटारींची रांग लागे. त्या रांगेची त्यांना धास्ती वाटे.

आता बसवलेले इंजिन १९९२ सालच्या सुबारूचे आहे, २.२ लिटर, सुमारे १३० अश्वशक्ती. जुन्याप्रमाणे यातही चार सिलिंडर समोरासमोर आडवे असतात, म्हणून ते मागच्या बुटक्या जागेत मावते. जुना गिअरबॉक्स तसाच ठेवून मध्ये एक जोडपट्टी घालावी लागते, तेलाची टाकी जमिनीला घासू नये म्हणून उथळ करावी लागते, विजेच्या तारांचे जंजाळ कापून नव्याने बांधावे लागते. रेडिएटर मात्र पूर्वीप्रमाणे गाडीच्या नाकापाशी. गाडीच्या पोटाखालून लांब नळ्यांनी पाणी खेळते. शिवाय इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे असावे, असा कॅलिफोर्नियाचा नियम. सरकारमान्य तपासनीसाकडून तशी तपासणी करून घ्यावी लागते. हे सारे दादाने मला इतक्या उत्साहाने सांगितले की त्याच्या गोळ्यांची यादी विचारायला मला सवड मिळेना.

आमच्यात ठरले ते असे: वहिनींनी आधी तीन रविवार जवळच्या टेकड्यांत ही गाडी चालवावी, मग निघावे. तिसऱ्या रविवारी परत येताना त्या गुणगुणत होत्या, असे दादा म्हणाला.

उंची एकदम गाठायची नाही म्हणून मी लांबची दक्षिणेची वाट निवडली. तेहाचापीवरून मोहावेचे वाळवंट, लोन पाइनहून माउंट व्हिटनीचे दर्शन, मग बिशपला मुक्काम. दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चालणे. नुसते बसून राहिल्याने पायांतील रक्त गोठण्याचा धोका वाढतो. जिभेखाली ठेवायच्या गोळीची डबी दादाने मागच्या कप्प्यात टाकली होती. त्याखालीच तापलेले इंजिन! अशा गोळ्या उष्णतेने निकामी होतात. डबी मी पुढे, दोघांच्याही हाताला येईल अशी ठेवली. दादा स्वतःला इंजिनासारखाच नवा समजू लागला होता. धमनी एका जागी मोकळी झाली, बाकीच्या अडुसष्ट वर्षांच्याच, हे मला दोनदा सांगावे लागले.

शेर्विनचा घाट वहिनींनी चढवला. तिसऱ्या गिअरमध्ये, कुठेही न थबकता.

ली व्हायनिंगला, सुमारे ६,८०० फुटांवर, संध्याकाळी दादाचे डोके दुखू लागले, मळमळू लागले. उंचीचा त्रास असाच असतो. पण गाडीत शिरलेल्या धुराचाही असाच असतो. इंजिन बदलले की धुराड्याचे सांधे आणि मागच्या दाराचे रबर नीट तपासावेच लागते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो. विषबाधा असूनही आकडा चांगला दाखवतो. म्हणून आधी मी दादाला बाहेर मोकळ्यावर बसवले आणि भिंतीवरचे कार्बन मोनॉक्साइडचे सूचकयंत्र पाहिले. शून्य. मग नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. छातीत दुखत नव्हते, दमही लागत नव्हता. तरी टायोगा खिंड दुसऱ्या दिवशी पार करायचा बेत मी रद्द केला. दादा रुसला. वहिनींनी खिचडी टाकली.

तो दिवस आम्ही मोनो सरोवराकाठी घालवला. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने इथले ओढे वळवले, पाणी उतरले आणि तळाचे चुनखडीचे मनोरे उघडे पडले. दादा त्यांच्यामधून सावकाश फिरला. संध्याकाळपर्यंत डोके उतरले, पोटभर जेवला.

तिसऱ्या सकाळी टायोगा: बारा मैलांत तीन हजारांहून अधिक फुटांची चढण, माथा ९,९४५ फूट. तिथे दर श्वासाला समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी ऑक्सिजन मिळतो. चाक वहिनींच्या हाती, दादा शेजारी, मी मागे त्याच्या मानेकडे पाहत. वर थांबायचे नाही, पलीकडे लगेच उतरायचे, आणि उताराला ब्रेकवर भार न टाकता खालचा गिअर ठेवायचा, हे ठरलेले.

माथ्यावर योसेमिटी उद्यानाची चौकी आहे. तिथल्या रेंजरने गाडी कौतुकाने न्याहाळली आणि वाकून दादाला विचारले, इंजिन मूळचेच का?

दादाने वहिनींकडे बोट केले. "चालकाला विचारा."

"ब्याण्णव सालचं आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.