ब्याण्णवला निम्मा रस्ता

‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मध्ये कुठलंही कौशल्य ९९ लेव्हलपर्यंत न्यायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. ९२ ला लागतात ६५,१७,२५३. म्हणजे लाकूडतोड ब्याण्णवला पोचली तेव्हा कुठे रस्ता निम्मा झाला, आणि उरलेल्या सात लेव्हलसाठी पहिल्या ब्याण्णवइतकंच पुन्हा तोडायचं. दर सात लेव्हलला आकडा जवळजवळ दुप्पट होतो, एवढंच त्यामागचं गणित. ते कळेपर्यंत माणूस लेव्हल मोजत बसतो, कळल्यावर एक्सपी मोजायला लागतो. ग्राइंड करणं, म्हणजे आकडा वाढवायला तेच काम पुन्हा पुन्हा करत राहणं, ही कला असेल (आणि ती आहे असं माझं मत आहे), तर ती इथून सुरू होते. खेळ जो आकडा ढोल वाजवून दाखवतो तो बाजूला ठेवायचा आणि आपल्या कामाचा कोणता ते आपण ठरवायचं.

मूळ ‘रुनस्केप’ जुना खेळ आहे. अँड्र्यू गोवर आणि त्याच्या भावाने ४ जानेवारी २००१ ला इंग्लंडमध्ये तो सुरू केला, तेव्हा तो ब्राउझरमध्ये चालायचा. पुढे त्यात इतके फेरफार झाले की जुने खेळाडू रुसले. तेव्हा केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने ऑगस्ट २००७ चा एक बॅकअप बाहेर काढला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल’ नावाने वेगळा चालू केला. ३० ऑक्टोबर २०१८ ला तो मोबाईलवर आला. संगणकावरचं खातं तेच, जग तेच, शेजारच्या झाडावर कुऱ्हाड चालवणारा माणूसही तोच. मी मात्र तो फोनवरच खेळत आले, डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये, रेशनच्या नाहीतर दवाखान्याच्या रांगेत आणि रात्री कुकर लावल्यावर. त्यामुळे माझी सगळी तंत्रं एका हाताने, अर्ध्या लक्षाने आणि अधूनमधून नेटवर्क जाणार हे धरून बसवलेली आहेत. मुंब्र्याच्या आसपास रेंज गेली आणि तुम्ही तेव्हा लढाईत असलात, तर तुमचं पात्र लगेच गायब होत नाही. तिथेच उभं राहून मार खातं. म्हणून जिथे दुसरे खेळाडू हल्ला करू शकतात त्या वाइल्डरनेस भागात मी गाडीत बसून कधीही जात नाही.

या जगाचं घड्याळ ०.६ सेकंदांनी पुढे सरकतं. त्या ठोक्याला टिक म्हणतात. कुऱ्हाड चालते, बाण सुटतो, दार उघडतं ते टिकवर. दोन टिकांच्या मध्ये तुम्ही स्क्रीनवर कितीही बोटं आपटा, काही होत नाही. मिनिटाला १०० टिक, तासाला ६,०००. हे समजलं की ग्राइंडचे दोन पंथ दिसायला लागतात. एक टिक पिळून काढणाऱ्यांचा. मासेमारीत मध्येच दुसरं काहीतरी सुरू करून मोडायचं आणि पाच टिकांचं काम तीन टिकांत उरकायचं, म्हणजे दर १.८ सेकंदाला न चुकता पडणारं बोट. दुसरा पंथ एएफकेवाल्यांचा, म्हणजे खेळ चालू ठेवून लक्ष दुसरीकडे देणाऱ्यांचा. लाकूडतोड ९० झाली की रेडवूडच्या अवाढव्य बुंध्याला कुऱ्हाड लावायची आणि अधूनमधून नजर टाकायची. पहिल्याला तासाला एक्सपी भरपूर जास्त मिळतात, म्हणून यूट्यूबवरचे बहुतेक मार्गदर्शक पहिलाच रस्ता दाखवतात.

माझं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं आहे, आणि मला तो भागाकारच पटत नाही. छेदात त्यांनी तास घेतला आहे. घ्यायला हवं होतं लक्ष. तीन टिकांच्या मासेमारीचा तास सगळाच्या सगळा जातो, त्या तासात डाळ करपते. रेडवूडच्या तासात मी गवार निवडते, मुलाचं पाठांतर ऐकते, उद्याच्या व्हाउचरांचा गठ्ठा लावून ठेवते, आणि कुऱ्हाड थांबली की एक टॅप. त्या तासातलं खेळाला दिलेलं खरंखुरं लक्ष मोजलं तर ते काही मिनिटांवर जात नाही. त्या मिनिटांनी भागून बघा, मग ‘मंद’ म्हणून हिणवलेली रीत कुठल्या कुठे पुढे निघून जाते. त्या मार्गदर्शकांच्या आकड्यांत आणखीही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. अंगावर सगळ्यात महागडी सामग्री आहे, बँकेपर्यंतच्या येरझारा होत नाहीत, आणि त्यांचा व्हिडिओ पाहून हजारो लोक तोच माल विकायला आले तरी भाव पडणार नाही! शेवटचं गृहीतक तर अगदी बालिश.

नाण्यांच्या बाबतीत सगळ्यात चिवट समजूत म्हणजे ‘मी स्वतः गोळा केलं, म्हणजे फुकट पडलं’. एखादा दिवसभर यू जातीची झाडं तोडतो, त्या ओंडक्यांची धनुष्यं करतो आणि म्हणतो, धनुष्यबांधणी बिनखर्चात वाढवली. ते ओंडके ग्रँड एक्स्चेंज या बाजारात विकले असते तर जी नाणी आली असती, तो त्याचा खर्च. तो वहीत दिसत नाही इतकंच. माझा नियम असा: जे काम मला आवडतं किंवा अर्ध्या लक्षात होतं ते मी करते, बाकीचा माल सरळ बाजारातून घेते. आयर्नमॅनची गोष्ट वेगळी. २०१४ पासून असलेल्या त्या प्रकारात दुसऱ्याशी देवघेवच बंद असते, तिथे स्वतः तोडण्यावाचून इलाज नाही. पण तो हौसेचा उपवास आहे, त्याचे नियम इतरांनी पाळायचं कारण नाही.

आता नाणी येतात कुठून ते पाहू. ५५ लेव्हलला जादूत हाय अल्केमी नावाचा मंत्र मिळतो. एक नेचर रून आणि पाच फायर रून (मंत्राला लागणारे दगड) जाळायचे, की हातातल्या वस्तूची नाणी होतात. हातात अग्नीची काठी असली तर फायर रूनही लागत नाहीत. यूच्या लांब धनुष्याची ७६८ नाणी होतात, मग बाजारात भाव काहीही असो. दर मंत्राला ६५ एक्सपी आणि पाच टिक, म्हणजे तीन सेकंद. तासाला १,२०० मंत्र आणि ७८,००० एक्सपी. फोनवर यासाठी एक जुनी युक्ती आहे. मंत्रांच्या पानावर हाय अल्केमीचं चित्र जिथे येतं, इन्व्हेंटरीतल्या नेमक्या त्याच घरात धनुष्यांची चिठ्ठी (सगळा गठ्ठा एकाच घरात मावावा म्हणून मिळणारी पावती) ठेवायची. मग बोट हलवावं लागत नाही, एकाच जागी टॅप, टॅप. मी हे उभ्याने, एक हात वरच्या कडीला अडकवून केलेलं आहे. ५५ पासून ९९ पर्यंत फक्त याच वाटेने गेलं तर सुमारे १६५ तास लागतात. तसं कुणी करू नये. पण सांदीकोपऱ्यातला वेळ भरायला याच्याइतकं काही चांगलं नाही.

यातली खरी गंमत अर्थशास्त्राची आहे. ड्रॅगनने टाकलेली ढाल मी तुम्हाला विकली तर नाणी एका खिशातून दुसऱ्यात जातात. अल्केमी केली तर ती शून्यातून तयार होतात. टांकसाळ प्रत्येकाच्या हातात दिल्यावर काय होणार ते सांगायला नको. एका ढिगात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ नाणी मावतात, कारण चिन्हासकट ३२ बिटांत त्यापुढचा आकडाच बसत नाही. ती मर्यादाही लोकांना पुरेना, म्हणून हजार नाण्यांचं एक प्लॅटिनम टोकन आलं. नाणी बाहेर काढायला मग डिसेंबर २०२१ मध्ये बाजारातल्या विक्रीवर एक टक्का कर बसला, आणि २०२५ मध्ये तो दोन टक्के झाला. त्या कराच्या पैशातून खेळ स्वतःच काही वस्तू विकत घेतो आणि नष्ट करतो. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण घाऊक घेऊन किरकोळ विकणाऱ्यांचा नफा कित्येकदा तेवढाच असतो. त्यांचे हिशेब रातोरात बदलले. मी त्या धंद्यात नाही, पण कराच्या बाजूने आहे.

एक्सपी आणि नाणी यांचा उघड विनिमय प्रेअर या कौशल्यात होतो. ड्रॅगनचं एक हाड पुरलं तर ७२ एक्सपी मिळतात. तेच हाड दोन धुपाटणी पेटवलेल्या सोनेरी वेदीवर वाहिलं तर साडेतीनपट, २५२. वेदी स्वतःच्याच घरात असायची गरज नाही. ३३० क्रमांकाच्या वर्ल्डमध्ये रिमिंग्टन गावी लोक आपली घरं उघडी ठेवतात, तिथे जायचं, आणि बाहेर उभ्या असलेल्या फियल्सला नगामागे पाच नाणी देऊन चिठ्ठीतली हाडं सोडवून घ्यायची. ९९ गाठायला अशी सुमारे ५१,७०० हाडं लागतात. पण लढाईला उपयोगी पडणारी पायटी ही प्रार्थना ७० ला मिळते, आणि ७० ला लागणारे ७,३७,६२७ एक्सपी तीन हजारांच्या आतल्या हाडांत होतात. फरक बघा! मी सत्तरला थांबले. पुढच्या प्रत्येक लेव्हलला काय मिळणार आणि त्यासाठी किती नाणी वाहायची, हे दोन रकाने शेजारी लिहिले की हात आपोआप आखडतो. ९९ चा झगा छान दिसतो, हे खरं आहे. ज्याला तो हवा त्याने तो झगा म्हणून घ्यावा, ताकद वाढते अशी स्वतःची समजूत घालू नये.

ही हाडं जिथून येतात तिथलीही गोष्ट सांगायला हवी. हिरवे ड्रॅगन वाइल्डरनेसमध्ये राहतात, आणि ते मारले की हाड आणि कातडं दोन्ही नक्की मिळतं. व्हेनेझुएलात बोलिव्हार या चलनाची पार माती झाली, त्या काळात, २०१७ च्या सुमारास, तिथली कितीतरी माणसं या ड्रॅगनांपाशी तासन्‌तास बसायची आणि मिळालेली नाणी खेळाबाहेर विकून डॉलर कमवायची. हे नियमाविरुद्ध आहे आणि खातं बंद होऊ शकतं. त्यांच्या पात्रांना हुडकून कसं मारायचं याचे धडे तेव्हा इतर खेळाडूंनी रेडिटवर लिहिले होते. मला ते धडे किळसवाणे वाटले, आणि अजूनही वाटतात. ज्या तासाला मी ‘सांदीकोपऱ्यातला वेळ’ म्हणते, त्याच तासावर तिथल्या एखाद्या घरचा किराणा चालत होता. माझ्या अर्ध्या लक्षाच्या सिद्धान्तात ते ड्रॅगन बसत नाहीत, आणि बसवण्याचा प्रयत्नही मी करणार नाही.

फोनवर खेळणाऱ्याने एकच गोष्ट शिकायची असेल तर हर्ब रन शिकावी. वनौषधीचं बी वाफ्यात टाकलं की ८० मिनिटांत तयार होतं. फॅलाडोर, कॅथर्बी, आर्डोन, पोर्ट फॅस्मॅटिस, होसिडियस अशा फेरीत एकेका वाफ्यापाशी जायचं, काढणी, नवं बी, अल्ट्राकंपोस्ट. पाच-सात मिनिटांचं काम. अल्ट्राकंपोस्ट घातलेलं आणि न मेलेलं झाड किमान सहा पानं देतं. फार्मिंगमध्ये ३२ लेव्हलपासून रॅनार लावता येतं. प्रेअर पोशनमध्ये तेच लागत असल्यामुळे त्याला कायम गिऱ्हाईक आहे. आणि तयार झालेली वनौषधी सडत नाही. पाऊण तास उशीर झाला, दोन दिवस पाहुणे आले, ऑफिसात मार्च एंड लागला, तरी ती तुमची वाट बघत वाफ्यात उभी असते.

हे मोठं सौजन्य आहे, हे इतर मोबाईल खेळ पाहिल्यावर कळतं. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये रेझिन नावाची शिदोरी दर आठ मिनिटांना एक अशी भरते. तिची मर्यादा पूर्वी १६० होती, २०२४ पासून २०० आहे. म्हणजे रिकामी शिदोरी २६ तास ४० मिनिटांत काठोकाठ भरते आणि मग भरणं थांबतं. त्यानंतर तुम्ही न खेळलेली प्रत्येक आठ मिनिटं वाया गेली असं मनाला लागून राहतं. तिथे दिवसभर बसायची तयारी असली तरी बक्षिसं रेझिनपुरतीच मिळतात, आणि आठवडाभर नाही फिरकलात तर तुमचं नुकसान. चित्रं सुंदर आहेत, संगीत त्याहून सुंदर, पण तिथे वेळापत्रक खेळ ठरवतो. रुनस्केपची वाट लांब आणि रुक्ष असली तरी पाय मी उचलेन तेव्हाच उचलला जातो. दोन्हींत तास जातात. मला रुनस्केपमधले चालतात.

नव्याने येणाऱ्यांना एक सल्ला देते, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो: मेंबरशिप नाण्यांनी घ्यावी का? बाँड नावाची वस्तू बाजारात नाण्यांना मिळते आणि एका बाँडने १४ दिवसांची मेंबरशिप होते. बाँडचा भाव एक कोटी नाण्यांच्या पुढे गेलेला आहे. नवख्याला तासाला तीन लाख मिळाले, आणि सुरुवातीला तेवढेही मिळत नाहीत, तरी एका बाँडला तेहतीस तासांहून जास्त लागतात. चौदा दिवस खेळता यावं म्हणून त्यातले तेहतीस तास राबायचं! तसं करू नका. फुकट खात्यावर लंब्रिजच्या गायी मारा, कातडी अल खरीदला कमावून विका, खेळ आवडतो का ते पाहा. आवडला तर एक महिना रोख पैसे भरून मेंबर व्हा, आणि पहिलं काम म्हणून फार्मिंग ३२ ला न्या. खेळाबाहेर नाणी विकणाऱ्या कुणाकडून मात्र ती घेऊ नका. खातं गेलं तर त्याच्याबरोबर सगळे एक्सपी जातात.