टबाचे बूच

सरकारी निवासस्थानात राहणाऱ्या माणसाला घर मिळते ते त्याच्या वेतनश्रेणीप्रमाणे, गरजेप्रमाणे किंवा आवडीप्रमाणे नव्हे, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. त्यांच्यापैकी कित्येकांनी आपल्या संसाराची खोकी चार-चार प्रांतांत उघडली आणि पुन्हा बांधली असतील. तथापि सिमल्यास आमच्या वाट्याला जे घर आले, त्यात एक वस्तू अशी होती की ती आमच्याच काय, आमच्या वरिष्ठांच्याही वेतनश्रेणीत बसली नसती. ती वस्तू म्हणजे न्हाणीघरातील टब.

१८६४ साली सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली आणि देवदारांच्या गर्दीत साहेबांचे बंगले उभे राहिले. त्यांपैकी एका बंगल्याचे पुढे सरकारने चार तुकडे केले. दिवाणखाना एका कुटुंबाला गेला, भोजनगृह दुसऱ्याला. आम्हांला दीड खोली मिळाली आणि तिच्यासोबत साहेबाचे संपूर्ण न्हाणीघर. टब बिडाचा, आतून पांढऱ्या मुलाम्याचा, खाली सिंहाच्या पंजासारखे चार पाय. ताबा घेताना ज्या यादीवर आम्ही सही केली, तीत ‘टब, बिडाचा, एक’ अशी नोंद होती. बुचाची नोंद नव्हती.

आमची आई माण तालुक्यातील. टब प्रथम पाहिला तेव्हा तिने विचारले, “ह्यात बसून अंघोळ करायची? म्हणजे अंगचा मळ पुन्हा अंगालाच की रे!” दुसऱ्या दिवशी तिने तो घासून लख्ख केला, काठोकाठ भरला, वर धुतलेले धोतर पसरले, आणि त्या क्षणापासून साहेबाचा टब हा आमच्या घरचा हौद झाला. पंधरा लिटरांची बादली त्यात अकरा वेळा रिकामी होते. तांब्याने पाणी काढावयाचे, हात बुडवावयाचा नाही, असा दंडक. आमच्या सौभाग्यवतींनीही तो निमूटपणे मान्य केला.

सिमल्यात पाण्याचे एवढे कौतुक कशासाठी, असे ज्यांनी हे शहर केवळ हिमवर्षावाच्या छायाचित्रांत पाहिले आहे त्यांना वाटेल. पण हे शहर डोंगराच्या कण्यावर वसलेले आहे. रिजवर पडलेल्या पावसाचे एका अंगाचे पाणी सतलजेला मिळून अरबी समुद्राकडे जाते आणि दुसऱ्या अंगाचे यमुनेला मिळून बंगालच्या उपसागराकडे. शहराजवळ राहावयास ते तयार नसते. म्हणून गुम्मा, गिरी अशा ठिकाणांहून ते खोल दऱ्यांतून पंपांनी वर चढवावे लागते. ज्या रिजवर प्रवासी आईसक्रीम खात हिंडतात, तिच्या पोटात ब्रिटिश अमदानीतील पाण्याची प्रचंड टाकी आहे. येथील ओढ्यांना ‘खड्ड’ म्हणतात. त्यांपैकी अश्विनी खड्डचे पाणी दूषित होऊन २०१५-१६ च्या हिवाळ्यात काविळीची साथ पसरली. पुढे २०१८ च्या मे-जून महिन्यांत तर शहराचे भाग पाडून आळीपाळीने पाणी द्यावे लागले आणि उन्हाळी महोत्सवसुद्धा पुढे ढकलला गेला. आम्ही त्यानंतर येथे रुजू झालो. पण शेजारी अजूनही त्या दिवसांविषयी बोलताना आवाज खाली आणतात. आमच्या आईला त्यांची भाषा कळत नाही, विषय मात्र बरोबर कळतो.

गेल्या जानेवारीत, नळ दिवसाआड येत असताना, टबाचे बूच गेले. ते जुन्या पद्धतीचे होते: वर रुंद, खाली निमुळते असे रबराचे, मध्ये पितळी कडी, कडीला साखळी. रबर झिजून मरत नाही. हवेने ते वर्षानुवर्षे आतून कडक होत जाते आणि एके दिवशी मातीच्या पणतीसारखे तडकते. तसेच झाले. रात्री केव्हातरी मोरीच्या नळातून गटगट असा आवाज झाला, आणि सकाळी टबाच्या तळाचा पांढरा मुलामा कोरडा पडलेला दिसला.

आम्ही उठण्यापूर्वीच आई दोन कळश्या घेऊन खालच्या बावडीकडे गेली होती. तेथवर त्र्याऐंशी पायऱ्या आहेत आणि जानेवारीत त्यांवर काचेसारखा बर्फाचा थर असतो. आईचे वय पासष्ट. आम्ही तिला परतीच्या वाटेवर गाठले तेव्हा एक कळशी कमरेवर होती, एक हातात, आणि श्वास लागलेला होता. “पायांना सवय आहे माझ्या,” एवढेच ती म्हणाली. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. खडी फोडणाऱ्या आपल्या आईसाठी ती लांबून पाणी आणीत असे. त्याविषयी ती सहसा बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. मात्र दुपारपर्यंत तिने घरातील प्रत्येक पातेले, वाडगा, फुलदाणीसुद्धा भिंतीशी ओळीने मांडून ठेवली.

दुरुस्तीच्या नोंदवहीत आम्ही रीतसर तक्रार लिहिली. चौथ्या दिवशी उत्तर मिळाले की दरपत्रकात ‘टबाचे बूच’ ही बाब नाही. टब मोडीत काढण्याचा प्रस्ताव मात्र पाठविता येईल. बूच देण्यापेक्षा टब उचलून नेणे शासनास सोपे, हे वाचून सामान्य नागरिक संतापला असता. आम्ही संतापलो नाही. अशी उत्तरे आम्हीही दिवसभर लिहितो, आणि ती लिहिताना समोर दरपत्रक असते, कोणाची आई नसते.

लोअर बाजारात चकचकीत, दाबताच उघडणारी-मिटणारी झाकणे पुष्कळ होती. ती हात धुण्याच्या बेसिनची, सव्वा इंचाची. आमच्या टबाचे तोंड वरच्या बाजूस पावणेदोन इंचाचे. सपाट रबरी चकतीही दुकानदाराने दाखविली. परंतु ती धरते गुळगुळीत तळावर, आणि आमच्या टबाच्या भोकाभोवतीचा मुलामा उडून खाली गंजाचे कडे झालेले. शेवटी शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी युक्ती सांगितली: “लक्कड़ बाज़ार जाइए, ख़रादी से बनवाइए.”

लक्कड बाजारात काठ्या आणि खेळणी कातणारे कारागीर आहेत. त्यांपैकी एकाने फुटक्या बुचाचे दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, काहीही न विचारता देवदाराचा ठोकळा कातावर चढविला आणि दहा मिनिटांत तसेच निमुळते बूच हातात ठेवले. देवदाराचे लाकूड तेलकट असते, ओलाव्यात सहजी कुजत नाही. एकेकाळी रेल्वेच्या रुळांखाली ते घालीत, त्याचे कारण हेच. मध्ये त्याने पितळी आकडा बसविला. लोखंडी नको, गंजेल, हे आम्ही सांगण्यापूर्वीच तो म्हणाला. पैसे मात्र एका काठीचे घेतले.

नुसते लाकूड पाणी धरीत नाही, त्यावर रबर हवे. आमच्याकडे कोणी असते तर सायकलची ट्यूब आणली असती. सिमल्याच्या चढणीवर सायकल कोण चालविणार? म्हणून खाली मोटाररस्त्यावरील पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा तुकडा आणला आणि बुचावर ताणून चढविला. आता उरले भोकाचे पितळी कडे. त्यावर क्षारांचे खडबडीत कवच बसले होते, आणि बूच कितीही चांगले असले तरी बैठक खडबडीत असेल तर पाणी वाट काढतेच. सौभाग्यवतींनी साताऱ्याहून आलेल्या डब्यातील चिंच भिजवून कड्यावर थापली. देवघरातील समई ज्या चिंचेने उजळते तिने साहेबाची मोरीही उजळली. अर्ध्या तासाने खाली पिवळे पितळ दिसू लागले. त्यावर बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून कडे गुळगुळीत केले.

बुचाची गंमत अशी की टब भरलेला असताना त्याला आमची गरज नसते. चौदा इंच पाणी असले की त्या एवढ्याशा तोंडावर सुमारे अर्धा किलो भार येतो आणि पाणीच त्याला आत दाबून धरते. कसोटी लागते ती तळाशी दोन इंच पाणी उरल्यावर. तेव्हा भार ऐंशी ग्रॅमचाही नसतो. शिवाय लाकूड तरंगणारे. म्हणून टब भरू लागताना ते हाताने घट्ट दाबून, किंचित पिळून बसवावे लागते.

नळ पहाटे तीनला आला. आईने टब भरला, पाण्याच्या रेषेवर कुंकवाचे बोट ओढले आणि पुन्हा अंथरुणात शिरली. झोपली नसावी. सकाळी सहाला बॅटरी घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही दारातून पाहिले तेव्हा ती टबाच्या काठाशी बसली होती. पाणी कुंकवाच्या रेषेला टेकलेले होते. त्या दिवशी फुलदाणी परत खिडकीत गेली.

महिन्याभराने दुरुस्ती विभागाचा माणूस तक्रार निकालात काढण्यासाठी सही घ्यावयास आला. बूच पाहून त्याने विचारले की हे सरकारी की खाजगी? सरकारी असेल तर यादीत चढवावे लागेल, खाजगी असेल तर बदलीच्या वेळी काढून न्यावे लागेल. हा प्रश्न आम्ही आईला मराठीत समजावून सांगितला. ती म्हणाली, “काढून कशाला न्यायचं? पुढच्या माणसानं काय करायचं मग?”

तेवढ्यावर तिचे भागले नाही. पुढच्या रविवारी तिने आम्हांला पुन्हा लक्कड बाजारात पाठवून तसलेच दुसरे बूच करून आणविले, आणि ते सुतळीने नळाच्या मानेला बांधून ठेवले आहे. यादीत दोन्हींची नोंद अद्याप व्हावयाची आहे.