आठ सेकंदांचा हिशेब

‘टीम फोर्ट्रेस २’ या व्हिडिओ गेममध्ये नऊ क्लास, म्हणजे भूमिका, आहेत आणि नव्या खेळाडूला बहुधा मेडिक सोडून बाकी आठांपैकीच कुणीतरी व्हायचं असतं. कुणाला स्काउट होऊन सुसाट पळायचं असतं, कुणाला सोल्जर होऊन पायाशी रॉकेट मारत हवेत उडायचं असतं, कुणाला स्पाय होऊन मागून सुरी चालवायची असते. मी मेडिक खेळतो आणि हौसेने खेळतो. सामन्याचा तोल कुठे झुकतोय हे सगळ्यात आधी मेडिकला दिसतं. संघ जिंकतोय की हरतोय हे स्कोअरबोर्डवर उमटायच्या कितीतरी आधी मला कळलेलं असतं, कारण कुणाचं किती रक्त सांडतंय हे मीच बघत असतो.

या खेळाचं मूळ १९९६ मधलं. रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉगली या ऑस्ट्रेलियातल्या तरुणांनी ‘क्वेक’ या गेममध्ये फेरफार करून ‘टीम फोर्ट्रेस’ हे मॉड बनवलं. क्लास तेव्हाही होते, पण जवळजवळ सगळ्यांकडे ग्रेनेड असत. त्यामुळे जे काम आपलं नाही तेही जो तो ग्रेनेड फेकून उरकून टाकी. मेडिक तर उपचार करण्यापेक्षा शत्रूचा झेंडा पळवण्यातच जास्त रमे. व्हॉल्व्ह कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये दुसरा भाग आणला तेव्हा हे ग्रेनेड काढून टाकले. मला हा त्या खेळातला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. खेळाडूच्या हातातलं हत्यार काढून घेणं सोपं नसतं. पण ते काढल्यावरच प्रत्येक क्लासला दुसऱ्याची गरज पडायला लागली.

सगळ्यांची ताकद सारखी केली की समतोल साधतो, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. कुणाला काय करता येऊ नये, हे आधी ठरवावं लागतं. हेवीची हेल्थ ३००, सगळ्यांत जास्त, पण तो इतका संथ की स्नायपरला आयता सापडतो. स्नायपरची हेल्थ १२५. स्पाय त्याच्या मागे पोचला की खेळ खलास. इंजिनिअरची सेंट्री गन समोरून येणाऱ्याची चाळण करते, पण कोपऱ्याआडून स्टिकी बाँब टाकणाऱ्या डेमोमनपुढे तिचं काही चालत नाही. एखाद्या क्लासची उणीव भरून काढणारं हत्यार आणलं की त्याचे खेळाडू खूश होतात आणि पूर्ण संघाचा खेळ बिघडतो. असं होताना मी पाहिलंय.

मेडिकच्या हातातली मेडिगन हे तर बारकाईने बघण्यासारखं यंत्र आहे. तिचा किरण एकदा साथीदाराला चिकटला की नेम धरायची गरज नाही. मान वळवून मागचं दार, वरचा कठडा, सगळं बघता येतं. नुकताच मार खाल्लेल्याला सेकंदाला २४ हेल्थ मिळते. पण जो पंधरा सेकंद मार न खाता आडोशाला थांबला, त्याला तिप्पट, म्हणजे ७२. या एका नियमात केवढी शिकवण भरलीय! मागे हटणाऱ्याला खेळ बक्षीस देतो. म्हणून हाका मारणाऱ्या प्रत्येकाकडे मी आधी धावत नाही. पंगतीत वाढप्याचं लक्ष मागणाऱ्यापेक्षा रिकाम्या पानाकडे असावं लागतं, तसं हे काम आहे. ज्याच्या जिवावर पुढची चढाई व्हायची आहे, त्याचा नंबर पहिला. एखादा चांगला सोल्जर हे न सांगता ओळखतो. लढाई थंडावली की तो मुद्दाम स्वतःच्याच पायावर रॉकेट मारून घेतो, कारण जखमी माणसावर उपचार करताना माझा चार्ज जास्त वेगाने भरतो.

आणि हा चार्जच, म्हणजे उबरचार्ज, सामन्याचं घड्याळ आहे. पूर्ण वेगाने भरला तर चाळीस सेकंद लागतात, आणि त्यातून मिळतात आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत मी आणि माझा साथीदार अभेद्य.

“किती झालाय रे?”

“ब्याऐंशी. पुढे जाऊ नकोस, दोन पावलं मागे ये.”

व्हॉइस चॅटवर आमचं मुख्यतः एवढंच चालतं. समोरच्या मेडिकचा चार्ज किती भरला असेल, याचाही अंदाज मनात मांडत राहायचा. दोघांचे चार्ज तयार असतील तर घाई करणारा फसतो: त्याने बटण दाबल्यावर अर्धा क्षण थांबून आपण दाबलं, तर त्याचं कवच आधी उतरतं. किरण दुसऱ्या साथीदाराकडे वळवून त्यालाही वाचवता येतं, पण मग चार्ज भराभर संपतो. आणि मुख्य गोष्ट, अभेद्य असताना पॉइंट काबीज करता येत नाही. स्फोटाचे धक्के बसतात, पायरो हवेच्या झोताने मागे ढकलू शकतो. उबरचार्ज वाट मोकळी करून देतो. पुढचं काम उरलेल्या साध्या, मरणाऱ्या माणसांनीच करायचं असतं.

सहा विरुद्ध सहाच्या स्पर्धात्मक सामन्यांत मेडिक एकच ठेवता येतो, डेमोमनही एकच. तो एक मेडिक मेला की भरत आणलेला चार्ज बुडाला. म्हणूनच समोरचा सोल्जर स्वतःचा जीव पक्का जाणार हे माहीत असूनही माझ्या डोक्यावर येऊन आदळतो. मला त्याचा राग येत नाही. त्याने हिशेब बरोबर केलेला असतो.

‘ओव्हरवॉच’ हा असाच सांघिक गेम २०१६ मध्ये आला तेव्हा त्यातही खेळाडूला हवी ती भूमिका घेता येत असे. मग मार झेलणारे तीन टँक आणि उपचार करणारे तीन सपोर्ट अशी ‘गोट्स’ रचना आली. तिने स्पर्धा इतक्या व्यापल्या की २०१९ मध्ये प्रत्येक संघात दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट असा नियमच करावा लागला. त्यामुळे उपचार करणारं कुणीच नाही ही रोजची कटकट मिटली, पण डॅमेजवाल्यांना सामन्यासाठी ताटकळावं लागे. २०२२ मध्ये दुसरा भाग आला आणि संघ पाच जणांचा, टँक एकच उरला. नियमाची गरज मला समजते. तरीही डाव फसतोय असं दिसल्यावर कुणीतरी स्वतःहून “मी मेडिक घेतो” म्हणतो आणि संघ सावरतो, हे दृश्य सक्तीच्या रांगेत कधीच दिसणार नाही, याची हळहळ वाटते.

मेडिकला पुढे जी नवी हत्यारं मिळाली, त्यांतलं एप्रिल २००८ चं क्रिट्सक्रीग मला सर्वांत नेटकं वाटतं. ते २५ टक्के जास्त वेगाने भरतं, म्हणजे चाळीसऐवजी बत्तीस सेकंदांत. त्याने साथीदाराचा प्रत्येक वार तिप्पट होतो, पण संरक्षण काडीचं मिळत नाही. त्यामुळे समोरच्याचं कवच तयार व्हायच्या आधीच्या आठ सेकंदांत घाव घालायचा, नाहीतर पुढचा सगळा वेळ अंग चोरून खेळायचं. शेवटचा पॉइंट राखायचा असेल तर मी साधी मेडिगनच घेतो. पण दोन्ही मेडिक एकाच वेळी मेले, दोघांचेही चार्ज शून्यावर आले आणि आमचा डेमोमन भरात असला, की मी क्रिट्सक्रीग घेऊनच बाहेर पडतो आणि त्याला सांगतो, “तिसाव्या सेकंदाला दाराशी उभा राहा.”