सगळ्यात मंद पडदा

खूप पडदे शेजारी शेजारी लावले की एक मोठा पडदा तयार होतो, असं पाहणाऱ्याला वाटतं. माझं रोजचं काम हेच, म्हणून सांगतो... तसं नसतं हो!

पहिली कटकट चौकटींची. तिरकी रेषा चौकटीपाशी तुटल्यासारखी दिसते. मग चौकटीमागे येणारा चित्राचा भाग मुद्दाम गाळायचा, खिडकीच्या गजामागचं झाड दिसत नाही तसा. रेषा जुळते, पण नेमकं तिथे एखादं अक्षर असलं तर तेही जातं.

दुसरी वेळेची. टेक्सास विद्यापीठात २००८ साली ३० इंची ७५ पडद्यांची 'स्टॅलियन' नावाची भिंत उभी राहिली. अशा भिंतीमागे अनेक संगणक असतात. प्रत्येकाने आपला तुकडा रंगवायचा आणि सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं. नाहीतर धावत्या गाडीचं तोंड पुढे आणि शेपूट भलतीकडेच!

पण खरी परीक्षा उजेडाची. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आणलेले पडदेसुद्धा सारखे उजळत नाहीत. सगळे समान करायचे तर एकच मार्ग, सगळ्यांना सगळ्यात मंद पडद्याएवढं खाली आणायचं. समानता येते, पण चित्र मरगळतं.

अदिती मजुमदार आणि रिक स्टीव्हन्स यांनी २००५ साली प्रोजेक्टरच्या भिंतींसाठी वेगळी वाट दाखवली. उजेड सगळीकडे सारखा कशाला हवा? तो हळूहळू बदलला तर डोळ्याला कळतही नाही. डोळ्याला खुपते ती कड.

आईच्या देखभालीचं आम्हा भावंडांत बोलणं निघालं, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. समान वाटा म्हणजे न्याय, असं सगळ्यांचंच म्हणणं. पण ज्याला सगळ्यात कमी झेपतं तेवढंच प्रत्येकाने द्यायचं, तर रात्रीची बाई ठेवणं जमत नाही. हिशेब चोख, आणि आई रात्रभर एकटी.

मला वाटतं, ज्याने त्याने झेपेल तसं द्यावं. कुणी पैसे, कुणी रविवार. फरक राहणारच. फक्त एकत्र जेवायला बसल्यावर तो कुणाला टोचू नये, आणि आईला तर कळूच नये.

कोणाचा वाटा किती, हे इथे लिहीत नाही. ती कड दिसू नये, एवढीच तर खटपट आहे.

ताई, वाचत असशीलच... तुला काय वाटतं?